माझी घागर सरकिवली का?

मंडळी, आज दुपारी टँकरच्या रांगेत चक्कर येऊन पडलेल्या एका आजीला जळकोटच्या आमच्या दवाखान्यात आणून सोडलं. सोबत कुणी थांबलं नाही. मी सलाईन लावत होते आणि तिचं एकच चालू, "माझी घागर सरकिवली का गं कुनी?"

मी केसपेपरवर लिहिलं, 'असंबद्ध बडबड'.

झाडू मारणाऱ्या मावशी भडकल्या. "बडबड न्हाई मॅडम! रांगेत घागर म्हंजे तिचा नंबर हाय. घरी एकटीच हाय ती."

मी ते खोडलं. मावशींनी आजीच्या गल्लीत फोन लावून शेजारणीला तिची घागर पुढं सरकवायला सांगितली. "सरकवली, आजी," मी म्हटल्यावर ती डोळे मिटून निवांत झोपली.

आता भाड्याच्या खोलीवर आलेय. घर नांदेडला. इथं मी पडले, तर माझी घागर कोण सरकवेल? तुमची कोण सरकवतं?