रिकामा तळहात

काकूंचा फोन आला तेव्हा मी धाराशिवच्या स्टँडवर पत्रकं वाटत होते. "सर गेले गं. तू ये," एवढंच बोलल्या. बेंबळीच्या बसमध्ये उरलेला गठ्ठा मांडीवर होता आणि डोक्यात सरांचं एकच सांगणं... "मी गेल्यावर माझ्या हातात इष्टलिंग देऊ नका. कुणी ऐकलं न्हाय तर तू सांग."

सरांनी आम्हाला कॉलेजात इंग्रजी शिकवलं; त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. निवृत्तीनंतर बेंबळीच्या घराच्या ओसरीवरल्या फळ्यावर ते एखादा शब्द लिहीत आणि त्याचं गणगोत शोधत बसत. मी वडिलांच्या छापखान्यात, पत्रकं वाचत वाढलेली. "त्यातली उद्गारचिन्हं काढली तर कागद वाऱ्यानं उडून जाईल, पोरी," सर म्हणायचे. त्यांच्या फळ्यावरचा शेवटचा शब्द हिऱ्याचा निघाला. ग्रीकांचा अदामास, कुणालाही वश न होणारा. आधी पोलादासारख्या कठीण धातूला म्हणायचे, पुढं हिऱ्याला. फ्रेंचांचा दियामाँ, इंग्रजांचा डायमंड त्याचेच. तोच अरबीतून फिरून रशियात अल्माझ झाला आणि सरांच्या वडिलांच्या निजामी उर्दूत अल्मास. माणसानं असंच असावं, मी म्हणाले. सर हसले. "हिऱ्यावर ओरखडा उठत न्हाय, पण हातोडा बसला की फुटतो. ग्रीकांनी तेवढं सांगितलं न्हाय."

स्वतः मात्र ते वाकले नव्हते. जातीबाहेर लग्न केलेल्या भाचीला तिच्या आईच्या मातीला येऊ दिलं नाही, त्या दिवशी त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग उतरवलं ते कायमचं. काकू आपल्या लिंगाबरोबर त्याचीही पूजा करत राहिल्या. त्या पूजेवर दोघं कधी बोलले नाहीत.

लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात, डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवून. मी पोचले तेव्हा सरांना बसवलेलं होतं आणि काकू ते लिंग घेऊन उभ्या होत्या. मी सरांची इच्छा सांगितली. "तू कोण गं सांगणारी?" सरांचे भाऊ उसळले. काकूंनी त्यांना थांबवलं. "खरं हाय तिचं. मलाबी म्हणले होते." मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, तू बोलणार न्हाईस."

सर रिकाम्या हातानं गेले. माझं बरोबर होतं. आजही तेच बोलेन. पण काकूंचा तो आवाज काही केल्या कानातून जात नाही...

परवा बेंबळीला गेले. फळ्यावर सरांच्या अक्षरात अदामास तसाच आहे, काकू कुणाला पुसू देत नाहीत. त्याखालच्या कोनाड्यात दोन लिंगं. काकूंनी दोन्ही धुतली, पुसली, भस्म लावलं.

"माझ्या टायमाला ही दोन्ही माझ्या हातात द्यायला सांग," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठीबी तसंच बोलशील न्हवं?"

मी हो म्हणाले.