मोठ्या जावयानं लपवलेलं बटण

'मला समजलं' असं लिहिलेलं बटण मी काहीही न समजता दाबलं, तिथून सगळं सुरू झालं.

आमच्या सौभाग्यवतींचा परभणीत बचत गट आहे. गट अनारसे करतो आणि गटाची वेबसाइट मी करतो. करतो म्हणजे, तयार साच्यात फोटो टाकतो, मजकूर लिहितो आणि सासरवाडीत 'कॉम्प्युटरवाले जावई' म्हणवून घेतो. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माणसाला एवढा मान दुसरीकडे कोण देणार?

अधिक महिना लागला. जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देण्याचा महिना, म्हणजे गटाचा खरा हंगाम. साइटवर मात्र गेल्या दिवाळीच्या जाहिरातीची पट्टी अजून झळकत होती. ती काढायला मी साइटच्या मागच्या बाजूला, जिथं तिचा कोड बदलता येतो तिथं शिरलो. दारातच सूचना होती की इथला बदल थेट चालू साइटवर होतो, चुकलात तर साइट बिघडेल. खाली ते बटण. दाबलं. इंटरनेटवरून उचललेली, पट्टी लपवणारी एक ओळ चिकटवली. पट्टी गेली. मी चहा मागितला.

पुढचे तीन दिवस एकही ऑर्डर नाही. तांदूळ भिजवून, कुटून, गुळात मळून पीठ तयार आणि गटातल्या बाया हातावर हात ठेवून बसलेल्या. महिना संपला की या अनारशांना कोण विचारतं?

"अहो, ती साइट बगा की जरा," बायको म्हणायची.

"साइट चकाचक हाय. लोकालाच आता गोड नको झालंय."

चौथ्या दिवशी ताडकळसला सासरी धोंड्याचं जेवण होतं. दोन्ही जावयांना बोलावणं. लोक सासरवाडीला कपड्यांची पिशवी नेतात, मी लॅपटॉपही नेला. धाकटे साडू पेडगावचे. शेती करता करता स्वतःच शिकून दुकानदारांच्या वेबसाइटी करून देतात. हे मला ठाऊक होतं, पण घरात कुणी त्यावर बोलत नसे आणि मीही विषय काढत नसे.

विषय बायकोनं काढला. सगळ्यांसमोर. "भाऊजी, तुमी तरी आमची साइट बगता का?"

त्या 'तरी'नं मी बाजेवर बसल्या बसल्या अर्धा झालो.

साडूंनी माझाच लॅपटॉप मांडीवर घेतला, पानावर बाण नेऊन उजवं बटण दाबलं, आणि शेजारी त्या पानाचा सगळा कोड उघडला. पानाच्या पोटात असं डोकावता येतं हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. ते एकेका ओळीवरून बोट फिरवत गेले.

"साडूभाऊ, ऑर्डरचं बटण जागेवरच हाय. पट्टी आन् बटण एकाच नावाच्या चौकटीत हायेत. तुमी पट्टी झाकायला गेलात आन् आख्खी चौकटच झाकली."

त्यांनी माझ्या ओळीपुढची बरोबरची खूण काढून ती ओळ बंद केली. बटण वर आलं. "इथं आधी करून बगायचं. हे फक्त आपल्यालाच दिसतंय. जमलं, तरच खऱ्या साइटवर लावायचं." आणि तसं लावूनही टाकलं. हे सगळं ते इतक्या मऊ आवाजात सांगत होते की मला फार राग आला. जरा गुर्मीत बोलले असते तर निदान तोंड फिरवता आलं असतं.

"लय हुशार हायेत बाई आमचे धाकटे जावई," सासूबाई म्हणाल्या. आम्ही पाटावर बसलो तेव्हा पुरणाचा पहिला धोंडा साडूंच्या ताटात पडला. आजवर वाढायला सुरुवात मोठ्या जावयापासून व्हायची. तुपाची धार किती वेळ चालली, हे मी मान न वळवता बघितलं.

मेहुणीनं साधून घेतलं. "दाजी, तुमाला वाढलेलं दिसंना. का तेबी झाकून ठिवलंय?"

जेवण होईस्तोवर बायकोच्या फोनवर ऑर्डरी वाजायला लागल्या. मला आनंद झाला. अनारशाला खसखस लावतात तसा, एकाच बाजूला. दुपारी ती नि साडू लॅपटॉपपाशी बसले होते, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं.

परभणीला परतल्यावर पहिलं काम काय केलं असेल? साडूंनी केलेली एका दुकानाची साइट उघडली आणि नव्यानंच शिकलेलं उजवं बटण दाबून तिच्या पोटात चुका शोधत बसलो. तासाभरात एक जादाची रिकामी ओळ सापडली. तीही बहुधा मुद्दाम सोडलेली.

मग आमची साइट उघडली, तर कोड बदलायची जागाच गायब. माझ्या नावापुढं 'प्रशासक' होतं, तिथं आता 'संपादक'. म्हणजे फोटो टाका, मजकूर लिहा, बाकी कशाला हात लावू नका. प्रशासक म्हणून बायकोचं नाव. मी फोन उचलला. "तुझ्या मेहुण्याला आता विचारतोच. माझ्या साइटीवरून मलाच खाली उतरवतो?"

बायको अनारसे थापत होती. तिनं मानही वर केली नाही.

"त्यांना कशाला बोलता? मीच करायला लावलं. ते तर म्हणायलेत, अक्का, साडूभाऊंना राग येईल. मी म्हणलं, येऊ द्या. ते आठ दिवस फुगून बसतेत, तवर आमचे अनारसे तरी जातेत."