जिभेवरचा सेल

आठ वाजायला पाच मिनिटं होती आणि नंदाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कार्ल्याच्या डोंगराखाली, भात काढून मोकळ्या झालेल्या खाचरात, त्या एका इलेक्ट्रिक सायकलीपुढं उकिडव्या बसल्या होत्या. जानेवारीच्या गारठ्यात बोटं वळत नव्हती आणि सायकलीचा गिअर काही केल्या पडत नव्हता.

"मावशी, व्हईल ना ओ?" बबितानं तिसऱ्यांदा विचारलं.

"गप उभी ऱ्हा. मला ऐकू दे," नंदाबाई खेकसल्या. ऐकण्यासारखं काही नव्हतं, तेच तर दुखणं होतं.

ही बबिता वरच्या पठारावरच्या ठाकरवस्तीतली, बावीस वर्षांची. लोणावळ्यातल्या एका सहल कंपनीत दोन वर्षं तंबू ठोकायची, पाहुण्यांची ताटं उचलायची. कंपनीला आता डोंगरातल्या सायकलफेऱ्यांसाठी वाटाड्या हवा होता. बबितानं नाव दिलं तेव्हा ऑफिसात दोघं हसले होते. चाचणी आज होती. आठ वीसला निघायचं आणि पन्नास मिनिटांत पठार गाठायचं. वेळेला निघाली नाही तर नाव खोडणार, आणि मग आहेतच पुन्हा ताटं. पुण्याचे दोन उमेदवार आपापल्या सायकली घेऊन आधीच सुटले होते.

नंदाबाई म्हणजे कंपनीच्या मेकॅनिक. मूळच्या परंदवडीच्या. जवळच्या कारखान्यात वीस वर्षं सर्किटच्या पट्ट्यांना कथलाचे डाख दिले, लाइन बंद पडल्यावर लोणावळ्याला येऊन सायकली हातात घेतल्या. गिऱ्हाइकं यायची, नऊवारीतल्या बाईकडं बघायची आणि विचारायची, मेकॅनिक कुठंय? "जेवायला गेलाय, तवर मी बघते," असं म्हणून नंदाबाई पाच मिनिटांत सायकल हातावर ठेवायच्या. अशी बाई. पण आज पंधरा मिनिटं झाली होती.

लोणावळ्यात ठेवलेल्या कंपनीच्या बाकीच्या सायकलींना गिअरची तार असते. तार ताणली, सैल केली, झालं काम. ह्या नव्या सायकलीला तारच नाही. हँडलवर एक बटण, बटणाच्या पोटात नाण्याएवढा सेल. बटण दाबलं की मागच्या चाकाजवळचं यंत्र आपोआप साखळी सरकवतं. त्या यंत्राची बॅटरी वेगळी, मोटरची वेगळी. तीन ठिकाणी वीज, म्हणजे तीन ठिकाणी घोळ.

नंदाबाईंनी अंदाजानं काही केलं नाही. कारखान्यातली शिस्तच तशी, एका टोकापासून निघायचं आणि काही वगळायचं नाही. मोटर सुरू केली, चालू होती. मागच्या यंत्राचा दिवा हिरवा होता. ते यंत्र ज्याला लटकतं तो आकडा वाकलाय का म्हणून जमिनीला गाल लावून पाहिलं, तर सरळ. मग हँडलवरचं बटण दाबलं, आणि त्याचा बारीक दिवा लागलाच नाही. सेल गेला असणार! त्यांनी पाकिटातला नवा सेल घातला. दिवा नाही. दुसरा घातला, तरी नाही.

चाचणी घेणारे राजेंद्र मोबाइल घेऊन आले. पुण्याचा माणूस, बोलायला सभ्य, पण घड्याळाचा पक्का. त्यांनी मोबाइलवर सायकल तपासली आणि मान हलवली. "मागचं यंत्र दिसतंय, बटण दिसतच नाही. दोन नवे सेल घालूनही नाही म्हणजे बटणच गेलं, नंदाबाई. दुसरं पुण्याहून मागवावं लागेल."

"आणि आजचं?"

"आजचं कसं होणार? साखळी सगळ्यात जड दातेरी चाकावर अडकली आहे. मोटर असली तरी ह्या गिअरवर पुढची चढण निघायची नाही. पुढच्या वर्षी बघू हिचं."

पुढच्या वर्षी! बबितानं हातमोजे काढून त्यांची नीट घडी घातली, ताटं पुसायच्या फडक्याची घालायची तशी. नंदाबाईंनी तिच्याकडं पाठ फिरवली.

कारण एक गोष्ट फक्त त्यांना ठाऊक होती. काल संध्याकाळपर्यंत हा गिअर पडत होता. चालता सेल त्यांनीच काढला, ऐन चाचणीत दगा नको म्हणून नवा घातला, झाकण लावलं आणि शेवटची सहाआसनी रिक्षा पकडायला धावल्या. बटण दाबून पाहिलंच नाही. वीस वर्षं लाइनवर दुसऱ्या बायांना टोचून बोलल्या, की बघितल्याशिवाय झाकण लावू नका गं, आणि स्वतः? जुना सेल लोणावळ्यात कुलुपाच्या पेटीत पडला होता. जाऊन यायला पाऊण तास.

आठ वाजून आठ मिनिटं झाली होती.

नंदाबाईंनी तळहातावरच्या सेलाकडं पाहिलं. काय वाटलं कोण जाणे, त्यांनी तो उचलला आणि कड जिभेला लावली. ही सवय वडिलांची. भाताच्या राखणीला जाण्याआधी नथूआबा बॅटरीचे सेल जिभेनं तपासायचे. चुणचुण झाली की सेल जिवंत. कारखान्यात सुपरवायझर ओरडल्यावर नंदाबाईंनी ती सवय सोडली होती.

"अहो, तोंडात काय घालताय!" राजेंद्र ओरडले.

"आक् थू!" नंदाबाईंचं तोंड वाकडंतिकडं झालं. "आई एकवीरे, काय कडूजहर!"

आणि त्या थबकल्या. सेल खारट लागतो, आंबट लागतो. कडू कशानं? चुणचुण तर अजिबातच नव्हती. "बबे, ते पाकीट वाच. बारीक अक्षरातलं. मला दिसत न्हाई."

पाकिटावर बाळाचं चित्र होतं. बबितानं इंग्रजी अडखळत लावलं. मुलांनी गिळू नये म्हणून सेलाला कडू थर दिला होता.

नंदाबाईंनी कपाळावर हात मारला. हे पाकीट त्यांनी मुद्दाम निवडून घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी बबिताच्या भावाच्या पोरानं खेळण्यातला सेल गिळला होता, त्याची आई त्याला उचलून डोंगर धावत उतरली होती. पोरगं वाचलं, पण तेव्हापासून नंदाबाई सेल कुलपात ठेवायच्या आणि बाळाचं चित्र असलेलंच पाकीट मागायच्या. त्या चांगुलपणाचा थर आता बटणाच्या पत्र्यावर आडवा आला होता, वीज पुढं जाऊ देत नव्हता.

"पंक्चरची पेटी आण, पळ!"

ट्यूब घासायचा खरखरीत पत्रा घेऊन त्यांनी सेलाचं तोंड घासलं. पदरानं पुसलं, उन्हात धरलं, पुन्हा घासलं. आठ सतरा. सेल बसवला. बटण दाबलं.

दिवा लागला. मागून किर्र आवाज आला आणि साखळी एक पायरी चढली.

"चूक माझी व्हती, साहेब," नंदाबाई राजेंद्रांना म्हणाल्या. "बटण न्हाई, सेल बी न्हाई. मी काल बघितल्याबिगर झाकण लावलं. लिव्हायचं तर माझ्या नावावर लिव्हा, पोरीच्या न्हाई."

राजेंद्रांनी घड्याळ पाहिलं. "आठ एकोणीस. निघू दे तिला."

बबितानं हातमोजे चढवले, पाकिटातला आणखी एक सेल आणि तो पत्रा खिशात कोंबला आणि सुटली.

खरी तगमग तर आता सुरू झाली. घाईत घासलेला सेल, दगडधोंड्यांची वाट, एका दणक्यात सरकला तर? चहावाल्यानं कप पुढं केला. नंदाबाईंनी नको म्हटलं. चूळही भरली नाही. तोंडातला कडूपणा तसाच ठेवून त्या डोंगराकडं बघत राहिल्या. चाळीस मिनिटं झाली. पंचेचाळीस. एकोणपन्नास झाली तरी वरून निरोप नाही.

राजेंद्रांचा फोन वाजला. ते नुसतंच हं, हं करत होते, आणि त्या माणसाच्या तोंडाकडं बघून काही कळेल तर शपथ!

"पोचली," शेवटी ते म्हणाले. "वीस सेकंद राखून. मधे चार मिनिटं थांबली होती म्हणे."

"थांबली? का ओ?"

"ते तिलाच विचारा. पठारावर वेळ टिपणारा आपला माणूस म्हणतोय, वाटेत स्वतःची सायकल दुरुस्त करणारा वाटाड्या त्याला मिळाला. आता दुसरा नको."

तासाभरानं बबिता खाली आली. कोपर खरचटलेलं, अंगभर फुफाटा. सायकल बांधाला टेकवली आणि तिनं नंदाबाईंपुढं जीभ बाहेर काढली.

"खडकावर आपटले, दिवाच गेला," ती म्हणाली. "दुसरा सेल काढला, घासला. पण घासला का न्हाई नीट, कळंना. मंग लावला जिभेला. कडू. परत घासला, परत लावला. चुणचुणला तवाच झाकण लावलं, मावशी."

नंदाबाईंनी तांब्या उचलला. पाणी आधी बबिताला दिलं आणि मग स्वतः चूळ भरली.