बाराच्या आत मागे घ्यायचा अर्ज

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. लोर्ना विझोरेक अकरा नंबरच्या रुळालगत खडीवरून चालत होती. बासष्ट वाघिणींची मालगाडी. दर दोन वाघिणींमधली हवेची नळी जोडलेली आहे का बघायचं, हाताचा ब्रेक सोडायचा, पुढे सरकायचं. इलिनॉयमधल्या या यार्डात तिची अठ्ठावीस वर्षं खडी तुडवण्यात गेली होती.

त्यातली वीस वर्षं ती फोन उशाशी ठेवून झोपली. फोन आला की दोन तासांत हजर, मग ख्रिसमस का असेना. सकाळची ठरलेली पाळी आणि रविवारची सुट्टी मिळाली ती ज्येष्ठतेच्या यादीत चौथ्या नंबरावर आल्यावर. इथे सगळं त्या यादीवर चालतं. वरच्याने पाळी मागितली की खालच्याला उठावंच लागतं.

त्यांची कंपनी आणि दुसरी एक तितकीच मोठी रेल्वे एक होणार, अशी कुजबुज महिनाभर चालली होती. दोन्हीकडच्या याद्या एकत्र झाल्या तर लोर्ना चौथ्यावरून तिसाच्याही खाली जाणार. पुन्हा उशाशी फोन. म्हणून सोमवारी तिने नव्वद मैलांवरच्या एका लहान यार्डातली दिवसपाळी मागितली होती. तिथे त्या दुसऱ्या कंपनीचं कुणी नव्हतं. मुदत आज दुपारी बाराची. तोवर अर्ज मागे घेता येत होता.

नऊच्या कॉफीला मार्कस ओडेल शेजारी येऊन बसला. यादीत पाचवा. कंपनीच्या शेअरचा भाव फोनवर दाखवत त्याने सांगितलं, की आता ठरल्यातच जमा आहे. अशी बातमी तो रोज आणायचा.

"मग तू का नाही टाकलास अर्ज?" तिने विचारलं.

"मला कसली घाई? आधी तू तर जा, बाई."

तिची पाळी कुणाकडे जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

साडेदहाला ती युनियनच्या खोलीत गेली. व्हर्न हासलबेक तिथला अध्यक्ष, अशी दोन विलीनीकरणं पाहिलेला. त्याने अर्जाकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुला साठ कधी पूर्ण होतात?"

"पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या ऑक्टोबरात."

"आणि नोकरीची तीस?"

"त्याच वर्षी, मार्चमध्ये."

म्हणजे पूर्ण पेन्शन. व्हर्नने सांगितलं, की कंपन्यांनी अजून सरकारकडे परवानगीसुद्धा मागितलेली नाही. मागितली की वर्षभर तपासणी, मग याद्या जुळवण्याची भांडणं.

"मागच्या वेळी नुसत्या यादीवर दोन वर्षं भांडलो आपण. तोवर तू घरी टोमॅटो लावत असशील."

"आणि लवकर झालं तर?"

"तर मला शिव्या घाल. पण गॉर्डीसारखं करू नकोस."

गॉर्डी तिच्या खालचा, यादीत सहावा. याच धास्तीने गेल्या महिन्यात कॅन्सस सिटीला गेला. आठवड्याचे पाच दिवस मोटेलात राहतो. त्याची इथली पाळी दुसऱ्या दिवशीच भरली गेली.

लोर्नाला हायसं वाटलं नाही. पेन्शनपर्यंतचे दोन हिवाळे तेवढे दिसले, बर्फाखालची खडी आणि गोठलेल्या नळ्या. अकरा पस्तीसला तिने अर्ज मागे घेतला.

बारा वाजता बदल्यांची यादी फळ्यावर लागली. मार्कसने ती वरून खाली वाचली, मग पुन्हा वाचली, आणि डबा उघडला.

शेजारीच उद्याचा कामाचा तक्ता होता. विझोरेक, सकाळी सहा, रूळ नंबर तेरा, सत्तर वाघिणी.