पंगतीतला रिकामा पाट

“तुझं ताट बाहेर ठेवलंय गं,” शेठाणी म्हणाली.

आत पाट मांडलेले. आमचे सी.ए. सर बसले, माझ्यासोबतचे दोघं आर्टिकल, म्हणजे माझ्यासारखेच शिकाऊ, बसले. मी गोदामाच्या ओट्यावर, कांद्याच्या गोण्यांना टेकून. पुढ्यात पत्रावळ. पाणी ओंजळीत, वरून ओतलेलं.

सिन्नरच्या एका व्यापाऱ्याकडे मार्चअखेरचा माल मोजायला गेलो होतो. सकाळीच शेठनं आडनाव विचारलं होतं. फक्त माझं.

सी.ए. व्हायला नुसत्या परीक्षा पुरत नाहीत. तीन वर्षं एखाद्या सी.ए.च्या हाताखाली राबायचं, शेवटी त्यानं सही द्यायची. ती नसेल तर सगळं पाण्यात. नाशिकरोडच्या आमच्या बौद्ध वस्तीतून इथवर पोचलेली मी पहिली. आई लोकांकडे धुणीभांडी करायची आणि शेजारणींना सांगायची, “माझी पोरगी साहेब होनार हाय.” म्हणून त्या दिवशी मी गिळलं. जेवणही आणि अपमानही.

येताना जीपमध्ये सर म्हणाले, “जुना क्लायंट आहे. मनावर घेऊ नकोस.” सोबतचा एक जण म्हणाला, जिलेबी मस्त होती. त्याचा मला आजही राग येतो.

पुढच्या मार्चला पुन्हा तिथंच. दुपारी हात धुतले आणि सरळ आत जाऊन पाटावर बसले. शेठाणी वरणाचं भांडं घेऊन जागच्या जागी थांबली.

“साहेब, हिला उठवा,” शेठ म्हणाला.

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, “ऊठ. तुझी सही माझ्या हातात आहे.”

मी मांडी आणखी घट्ट घातली. म्हटलं, “काम आत बसून केलंय. जेवणार पण आतच.”

शेठाणीनं माझ्यापुढचं ताट उचलून नेलं. बाकीच्यांना वाढलं. तूप, जिलेबी, सगळं. माझ्या डोळ्यांदेखत ते पोटभर जेवले. मी उपाशी. पण शेवटचा माणूस उठेपर्यंत पाटावरून हलले नाही.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, “शेठची माफी माग. नाहीतर तीन वर्षं भरली तरी सही मिळणार नाही.”

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, “माग ना माफी. तुझं काय जातंय?” मी तिच्यावर ओरडले. मग दोघी रडलो.

माफी मागितली नाही. ठरवलं, ऑफिस सोडायचं नाही. नेतील त्या क्लायंटकडे जायचं आणि जेवायच्या वेळी आतच बसायचं. वाढा, नाहीतर नका वाढू. सही अडवली, तर दुसऱ्याच्या हाताखाली तीन वर्षं पहिल्या दिवसापासून राबेन.

ओट्यावर बसणार नाही.