कार्टूनच तर आहे

दोन हजार चौदा-पंधरा सालची गोष्ट. जर्मनीत बोब्लिंगेनला येऊन आम्हाला वर्ष झालं होतं. मी ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगला होते, नवरा आयटीत, आणि लेक तिसरीत. घरात मराठी बोलायची, पण शाळेत तोंडातून चकार शब्द नाही. बाई म्हणायच्या, हुशार आहे, पण बोलत नाही. मला त्याचा फार राग यायचा. बाईंचा नाही, लेकीचाच. अगं, तुझ्या आईच्या तोंडाला कुलूप लावायला अख्खं कॉलेज कमी पडलं, आणि तू अशी गोगलगाय कशी निपजलीस!

तिला एकच मैत्रीण होती, शेजारच्या जिन्यावर राहणारी. शुक्रवारी शाळा लवकर सुटली की ती आमच्याकडे यायची, चिवड्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खायची, आणि दोघी जमिनीवर पालथ्या पडून चित्रं काढायच्या. जर्मन बोलण्याची भीती लेकीला तिच्यासमोर वाटायची नाही. त्या शुक्रवारावर माझ्या लेकीचा आठवडा तरून जायचा, हे मला नीट ठाऊक होतं.

एका शनिवारी फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात, मला ती डीव्हीडी दिसली आणि मी रस्त्यातच ओरडले. सांगलीला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये आम्ही वीसेक मुली एका कॉम्प्युटरला चिकटून ही जपानी फिल्म बघायचो. हाताने काढलेली चित्रं, डोंगरातला आखाडा, चिडका म्हातारा गुरू, आणि सगळ्यांनी हिणवलेली एक शिष्या, जी शेवटी पुलावर एकटी उभी राहते आणि मागे सरत नाही. नाव सांगत नाही, ज्यांनी पाहिलीय त्यांना कळेल. आमच्या कॉपीत सबटायटल्स नव्हती. एक सीनियर पडद्याशेजारी उभी राहून मराठीत गोष्ट सांगायची, आणि आम्ही गादीवर उभ्या राहून लाथा मारायचो. व्हायव्हाच्या आधी मी तो पूल आठवायचे. नोकरीच्या पहिल्या इंटरव्ह्यूच्या आधीसुद्धा. मला वाटलं, लेकीला हेच औषध हवंय.

डीव्हीडीच्या पाकिटावर मोठा निळा शिक्का होता: सोळा. सोळा वर्षांखालच्यांना दाखवू नका. तो मला दिसला नाही असं नाही. दिसला. नवऱ्यानेही बोट ठेवून दाखवला. मी म्हटलं, "अरे, कार्टूनच तर आहे! या लोकांचं काय, हे अंड्यावरपण शिक्का मारतात."

शुक्रवारी मी लवकर घरी आले आणि दोघींना सोफ्यावर बसवून फिल्म लावली. सुरुवातीला खूप हसल्या. मग आखाड्यातली लढाई आली आणि गुरूचा हात खांद्यापासून उडाला. मी आ वासून बघत राहिले. हे होतं यात? हॉस्टेलमध्ये याच जागी आम्ही टाळ्या वाजवल्या असणार, पण पंधरा वर्षांत माझ्या डोक्याने ते सगळं रक्त पुसून टाकलं होतं आणि फक्त पूल ठेवला होता. मैत्रिणीने उशी तोंडावर धरली. बंद करायला हवी होती. पण मी म्हटलं, अर्धवट सोडलं तर भीती जास्त बसते, शेवटी ती शिष्या जिंकते ना, तेवढं बघू दे. वर तिला समजावलं, "रंग आहे गं तो नुसता." तिने उशी काढली नाही.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात मैत्रिणीची आई. आवाज चढवला नाही बाईने. दोन रात्री मुलगी दिवा लावून झोपली, म्हणाली. हात तुटलेल्या माणसाबद्दल विचारत राहते, पण फिल्म कोणी लावली ते काही केल्या सांगत नाही. मग सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "ही फिल्म कोणी लावली?"

आणि मी म्हटलं, "मुलींनीच लावली असेल. मी स्वयंपाकघरात होते."

का म्हटलं? मला आजही धड सांगता येत नाही. माझं तोंड आधी चालतं आणि डोकं मागून येतं, हे एक. पण खरं म्हणजे मी घाबरले. परक्या देशात कोणीतरी मला वाईट आई म्हणणार होतं, तेही माझ्याच दारात, आणि मी नऊ वर्षांच्या पोरीला पुढे केलं. कामावर मी एक आकडा संशयास्पद वाटला तरी रिपोर्टवर सही करत नाही. दार लावून वळले तर लेक मागेच उभी होती, एका पायात मोजा, दुसरा हातात. तिला जर्मन माझ्यापेक्षा चांगलं कळायचं. ती दुसरा मोजा घालून खोलीत गेली.

तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. पोळी दे म्हटलं की द्यायची. मला तिच्या ताटाकडे बघवेना. बुधवारी संध्याकाळी मी कोट चढवला आणि म्हटलं, "मी जाऊन खरं काय ते सांगून येते."

"नाइन!" ती जर्मनमध्येच अशी किंचाळली की नवरा आतून धावत आला. "नको, मम्मा. मी सांगितलंय त्यांना. सोमवारी. शाळेच्या गेटपाशी. मीच लावली म्हटलं. सॉरीपण म्हटलं."

जी मुलगी वर्गात पाणी प्यायला जाऊ का एवढं विचारू शकत नव्हती, ती एकटी त्या बाईसमोर जाऊन उभी राहिली होती. माझं खोटं खरं करायला.

"अगं, पण का?"

मग तिने जर्मनमध्ये, एका दमात, मी मंद असल्यासारखं मला समजावून सांगितलं. तिने लावली असेल तर ती नुसती आगाऊ. आगाऊ मुलांना लोक रागावतात आणि विसरतात. पण मोठ्या माणसाने लावली असेल, तर त्या मैत्रिणीला आमच्याकडे कध्धीच पाठवणार नाहीत. आता त्या म्हणाल्यात, बघू. म्हणजे येईल कदाचित.

नवरा माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "मिटतंय ना? कशाला उकरून काढतेस?"

तो चुकीचं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत. गप्प बसले तर लेकीचा शुक्रवार वाचत होता. खरं बोलले तर माझं मन हलकं होणार, आणि किंमत पुन्हा तिनेच मोजायची. मी कोट घालून पाच मिनिटं तशीच उभी राहिले. पण त्या बाईच्या डोळ्यांत माझी पोर कायमची खोडकर आणि मी बिचारी साधी, हे मला सहन होईना. मी गेले. लेक रडत होती, तरी गेले.

त्यांनी दार उघडलं. जाताना जिन्यात वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरले. मोडक्या जर्मनमध्ये एवढंच म्हटलं की फिल्म मी लावली, शिक्का मी वाचला होता, मी तिथेच बसले होते, आणि माझ्या मुलीने तुम्हाला खोटं सांगितलं ते माझ्यामुळे.

"आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या. "तुमच्या मुलीने दर शुक्रवारी आमच्याकडे यावं. माझी मुलगी तुमच्या घरी येणार नाही." आत या म्हणाल्या नाहीत. दार मात्र हळू लावलं.

त्यांनी शब्द पाळला, दोन्ही बाजूंनी. पुढची दोन वर्षं ती मुलगी आमच्या घरात आली नाही. शुक्रवारी मी चिवड्याचा डबा लेकीबरोबर द्यायचे आणि तो धुऊन परत यायचा. मला लागायचं ते, खोटं कशाला सांगू. पण तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

त्या बुधवारी परत आले तर लेक आमच्या जिन्याच्या पायरीवर बसली होती, बूट घालून, नाडी बांधून. माझ्यामागून यायला निघाली असावी आणि अर्ध्यात थांबली असावी. मी सांगितलं, शुक्रवारी तू त्यांच्याकडे जायचंस.

"तू खरं सांगितलंस?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"आणि तरी त्या मला येऊ देणार?"

आनंद होता तिच्या आवाजात, पण त्याहून जास्त आश्चर्य होतं. नऊ वर्षांची पोर, आणि खरं सांगूनही माणूस टिकतं ही बातमी तिला नवी होती. माझ्या घरात वाढून नवी होती. मला इतकी लाज वाटली की मी तिच्या खालच्या पायरीवर बसले आणि तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले. तिला स्वतःला सोडता येत होत्या, तरी तिने मला सोडू दिल्या.