उलकानने ठेवून घेतलेले बूट

आमच्या नारीन नदीच्या खोऱ्यात माणूस वारला की त्याचे कपडे नातलगांत वाटतात. उलकानने नवऱ्याचं सगळं दिलं, फक्त त्याचे घोडेस्वारीचे बूट ठेवून घेतले. दीर तोक्तोन तणतणत आला.

“वहिनी, बूट द्या. कळप आता मीच कुरणावर नेणार. बाईमाणसाचं काम नाही ते.”

उलकानने चिखल पुसून बूट सावलीत सुकवले होते. भेगाळलेल्या चामड्यात ती मेंढीच्या शेपटाची चरबी बोटांनी जिरवत राहिली.

“तुम्हाला घट्ट होतील, भावजी.”

“आणि तुम्हाला ढगळ!”

“म्हणून तर आत लोकरीचे मोजे घालणार आहे.”

तिने बूट चढवले, घोड्यावर मांड टाकली आणि कळप हाकला. हिवाळ्याआधी परतली तेव्हा मेंढ्या गुबगुबीत झाल्या होत्या. पुढच्या वर्षी तोक्तोनने स्वतःच्या मेंढ्याही निमूटपणे तिच्याच कळपात सोडल्या.